भांड्याला दांडा लावताना एवढं बघा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातले भांडी कारखानदार, ठोक व्यापारी आणि दुकानदार यांस,

स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात, पंचमीच्या चार दिवस आधी, माझ्या सुनेच्या उजव्या पायावर उकळतं दूध सांडलं. दांड्याचं भगुणं होतं, दीड लिटरचं. दूध वर आलं तसा तिनं गॅस बंद केला, भगुणं उचललं आणि ओट्यापासून वळली. दांडा तिच्या मुठीत घट्ट होता. भगुणं मात्र त्या दांड्याभोवती गर्रकन फिरलं आणि उपडं झालं. मी वीस मिनिटं तिचा पाय नळाखाली धरायला लावला. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या, ती मी लावू दिली नाही. तरी घोट्यापासून बोटांपर्यंत फोड आले. तीन आठवडे तिला पायात चप्पल घालता आली नाही, आणि पंचमीला चंदगडला माहेरी जायचं राहिलं ते राहिलंच.

मला आतून खातं ते वेगळं. गेली एकोणीस वर्षं मी बेळगावच्या वडगावात कुकर आणि भांडी दुरुस्त करतो. त्याआधी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका मशीनशॉपमध्ये फिटर होतो. आणि त्या भगुण्याचा दांडा मीच दोनदा आवळला होता.

त्या रात्री ते भगुणं घेऊन मी दुकानात बसलो. भगुण्याला बाहेरून स्टीलची पट्टी होती, ती शाबूत होती. पट्टीच्या टोकावर बेकेलाइटचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, काळा दांडा खोचलेला, आणि दांड्याच्या शेपटाकडून आत गेलेला एकच लांब स्क्रू. दांड्याच्या तोंडाशी चौकोनी खाच असते, पट्टीचं टोक त्या खाचेत बसतं. स्क्रू दांड्याला फक्त ओढून धरतो. फिरणं अडवते ती खाच. माझ्या भगुण्यात त्या खाचेचे चारही कोपरे गेले होते. बोट घातलं तर काळी भुकटी निघाली, चिमटीत कोळसा चुरल्यासारखी. बाहेरून दांडा नवाकोरा दिसत होता. दोन्ही वेळा मी स्क्रू आवळला तेव्हा दांडा हलायचा थांबला, आणि मी समजलो काम झालं. खरं तर आतून पोकळ झालेल्या खाचेला मी आणखी चिरडत होतो. आवळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मला माझ्याच घरात कळलं. म्हणून हे पत्र.

बेकेलाइटला मी नावं ठेवत नाही. १९०७ साली लिओ बेकलंडनं ते तयार केलं, आणि विजेच्या बटणांपासून कुकरच्या मुठीपर्यंत त्यानं किती हात वाचवले असतील याला गणती नाही. एकदा साच्यात घट्ट झालं की ते परत वितळत नाही आणि उष्णता पटकन पुढे जाऊ देत नाही. पण वितळत नाही म्हणजे जळत नाही असं नाही. ज्वाळा रोज रोज चाटत राहिली की ते करपतं, ठिसूळ होतं, आणि हे सगळ्यात आधी होतं ते भांड्याजवळच्या तोंडाशी, जिथं आपल्याला दिसत नाही.

ही ज्वाळा लागते कशी, तेही सांगतो. लहान भगुणं मोठ्या बर्नरवर ठेवलं की ज्वाळा बुडाबाहेर येते. त्याहून वाईट म्हणजे चूल. जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत पावसाळ्यात आजही चूल पेटती असते. गॅस घरात आहे, पण सिलिंडर जपून वापरायचा असतो, आणि त्या पावसात चुलीची ऊबही हवी असते. चुलीची ज्वाळा बुडाशी थांबत नाही, भांड्याच्या अंगावर चढते. तिथल्या बायकांना तुम्ही शहरातल्या गॅससाठी केलेलं बेकेलाइटच्या दांड्याचं भगुणं विकता आणि वर्षाच्या आत ते माझ्याकडे येतं. त्यांना एकतर सगळा दांडा धातूचा आणि रिव्हेट (शेपूट ठोकून घट्ट बसवायचा धातूचा खिळा) मारलेला असं भांडं द्या, नाहीतर जाड काठाचं बिनदांड्याचं पातेलं आणि चांगली सांडशी द्या. आपल्या जुन्या पातेल्याला दांडा नव्हताच. काठ जाड आणि बाहेर वळवलेला असायचा, सांडशी त्यावर बसायची. बेकेलाइटच द्यायचं असेल तर दांड्याच्या तोंडावर ज्वाळा अडवणारी स्टीलची टोपी असल्याशिवाय देऊ नका, आणि स्क्रू ज्यात शिरतो तिथं पितळी बूश (आटे पाडलेली छोटी नळी) असू द्या. नुसत्या बेकेलाइटमध्ये पाडलेले आटे दुसऱ्यांदा आवळलं की भुकटी होतात.

आता पट्टी भांड्याला कशी जोडायची ते. माझ्याकडे येणाऱ्या कामातलं सगळ्यात जास्त काम इथलंच.

एक साधा हिशेब मांडतो. दोन लिटरचं भगुणं भरलं की भांड्यासकट अडीच किलो धरा. व्यास १८ सेंटीमीटर, म्हणजे वजनाचा मध्य दांड्याच्या जोडापासून ९ सेंटीमीटरवर. अडीच गुणिले नऊ, साडेबावीस. जोडाला दोन रिव्हेट एकाखाली एक, अडीच सेंटीमीटर अंतर ठेवून मारले असतील तर वरच्या रिव्हेटला ९ किलोची ओढ बसते. तेच दोन रिव्हेट सव्वा सेंटीमीटरवर आणले की ओढ १८ किलोची. भांडं तेच, दूध तेवढंच, फक्त भोकं जवळ आली. दोन्ही रिव्हेट आडवे, शेजारी शेजारी ठोकले तर भांडं झुकणं अडवायला उरते ती फक्त पट्टीची उंची. आणि नुसतं उभं एकाखाली एक ठेवलं तर भांडं कलतं करून ओतताना जो पीळ बसतो तो नीट पेलत नाही. म्हणून तीन रिव्हेट, वर दोन आणि खाली एक. पट्टीवर तेवढी जागा असते. तिसऱ्या रिव्हेटचा खर्च कटिंग चहापेक्षा कमी आहे.

रिव्हेट कसा मारतात हे तुमच्यातल्या जुन्या कारखानदारांना मी शिकवायला नको. पण हल्ली जो माल येतो तो बघून लिहावंसं वाटतं. भोक रिव्हेटपेक्षा केसभरच मोठं पाहिजे. तयार डोकं भांड्याच्या आत, शेपूट बाहेर. शेपूट रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट बाहेर राहिलं पाहिजे, म्हणजे ५ मिलिमीटरच्या रिव्हेटला साडेसात मिलिमीटर. कमी राहिलं तर डोकं भरत नाही, जास्त राहिलं तर वाकून एका अंगाला लोळतं. आतलं डोकं ऐरणीवर टेकवायचं, पट्टी भांड्याला घट्ट दाबून धरायची, आणि पहिले दोन-तीन घाव अगदी सरळ घालायचे. त्या घावांनी रिव्हेट भोकाच्या आतच फुगतो आणि भोक भरून काढतो. खरी पकड तिथं तयार होते. डोकं गोल करणं नंतरचं. आता जे दांडे माझ्याकडे सुटून येतात त्यातल्या बऱ्याच रिव्हेटांची डोकी बाहेरून सुंदर गोल असतात, पण ड्रिलनं उडवून बघितलं तर आत रिव्हेट भोकात सैल, भोवती खरकट्याची काळी कड. पहिल्या दिवसापासून तो भोकात हलत होता. हलत हलत त्यानं भोक लांबट केलं.

दुसरी गोष्ट पट्टीच्या वळणाची. भांडं गोल, आणि पट्टी सपाट. सपाट पट्टी गोल भांड्यावर ठोकली की मध्ये टेकते आणि दोन्ही कडांना फट राहते. मग प्रत्येक उचलीला पत्रा आत-बाहेर दबतो, आणि पत्रा पातळ असेल तर रिव्हेटभोवती चीर जाते. पट्टी भांड्याच्या गोलाईची असायला हवी. आमच्याकडे ॲल्युमिनियमला अजून जर्मन म्हणतात. जर्मनच्या पातळ भांड्याला तर आतून पत्र्याचा तुकडा पाठीला द्यायलाच पाहिजे, नाहीतर रिव्हेटचं डोकं पत्र्यातून ओढून बाहेर येतं. जर्मनच्या भांड्याला लोखंडी रिव्हेट तर कधीच नको. मीठ, चिंच, आमसुलाचं ओल राहिलं की त्या जागी जर्मन झिजतं, पांढरी पूड दिसायला लागते, आणि भोक रुंदावत जातं. जर्मनला जर्मनचाच रिव्हेट.

स्टीलच्या भांड्यांत आता बहुतेक माल स्पॉट वेल्डिंगचा (विजेच्या तापानं ठिपक्याएवढ्या जागी दोन पत्रे जोडलेला) असतो. गिऱ्हाइकांना आतून गुळगुळीत हवं असतं, रिव्हेटच्या डोक्याभोवती खरकटं अडकत नाही, हे मला मान्य आहे. स्पॉट नीट मारला तर तो चांगलाच. पण नीट मारला की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि हाच त्यातला धोका. पट्टी जाड, भांड्याचा पत्रा पातळ, मध्ये तेलाचा ओघळ राहिलेला, मशीनचा दाब कमी. बाहेरून तोच निळसर गोल ठसा उमटतो, आत मात्र दोन पत्रे नुसते चिकटलेले असतात, एकजीव झालेले नसतात. माझ्या दुकानात मोडीत आलेली भांडी मी पक्कड लावून सोलून बघतो. चांगला स्पॉट असेल तर पत्रा फाटतो, स्पॉट सुटत नाही. एका पत्र्याला भोक पडतं आणि दुसऱ्यावर बटणाएवढा गोळा राहतो. वाईट स्पॉट नखानं पापुद्रा काढावा तसा अलगद सुटतो, मागे गुळगुळीत ठसा. दर लॉटमधली दोन-चार भांडी तुम्ही अशी सोलून बघा. दोन-चार भांड्यांचं नुकसान आहे ते, कबूल. उद्यमबागेत मी काम करत होतो तिथं हायड्रॉलिक मशीनच्या जॉबचं, म्हणजे सुट्या भागाचं, भोक केसभर मोठं झालं तरी आत जाऊ नये तो मापाचा गेज गेला म्हणून अख्खा जॉब बाजूला टाकायचे, आणि ते जॉब तर लोखंडी मशीनला लागायचे. इथं तर बाईच्या हातात उकळतं भांडं जातंय.

ह्या गावाला धातूचं काम परकं नाही. बोगारवेस रोज ओलांडताना मला त्या नावाची आठवण होते. कन्नडमध्ये बोगार म्हणजे कासार. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ह्याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं, आणि पुढे लोखंडी नांगर इथंच तयार व्हायला लागले. आपल्याकडे फौंड्र्या आहेत, टूलरूम आहेत, हातात कला असलेली पोरं आहेत. भगुण्याच्या दांड्यासाठी बाहेरचा हलका माल आणून विकायची वेळ आपल्यावर का यावी?

पोकळ पाइपच्या दांड्यांचंही एक सांगून टाकतो. दांड्याच्या शेपटाला टांगायचं भोक असतं, घासताना त्यातून पाणी आत जातं. ते भांडं तसंच विस्तवावर गेलं की आतलं पाणी तापतं आणि वाफ नेमकी मुठीकडे येते. एक तर दांडा पूर्ण बंद करा, नाहीतर पाणी निथळून जाईल अशा जागी खाली दुसरं भोक द्या.

दुकानदारांनो, आता तुमच्याशी बोलतो.

तुमच्याकडे स्टील किलोवर विकलं जातं. गिऱ्हाईक भांडं हातात घेऊन जड आहे का बघतं, बुडावर टिचकी मारतं, नाव घालायला देतं आणि घरी जातं. दांडा कोणी बघत नाही. लग्नाच्या बाजाराला चंदगडपासून खानापूरपर्यंतची माणसं खडेबाजारात आणि गणपत गल्लीत येतात. पोरीच्या संसाराची भांडी एका दिवसात घ्यायची असतात, दांडे हलवून बघायला सवड कोणाला? ते काम तुमचं. अर्धा मिनिट लागतं. दांडा मुठीत धरा, दुसऱ्या हातानं भांडं वर-खाली आणि मग पिळल्यासारखं हलवा, आणि कान जवळ न्या. टिक असा बारीकसा आवाज आला तर ते भांडं बाजूला काढा. रिव्हेटचं भांडं असेल तर पाणी भरून रात्रभर फळीवर ठेवा. सकाळी रिव्हेटखाली ओल दिसली की समजा भोक भरलेलं नाही.

आणि वाणाचा माल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायला छोटी दांड्याची भगुणी डझनाच्या हिशेबानं जातात. वाण म्हणून स्वस्त हवं, हे मी समजू शकतो. पण ती भगुणी शोभेला ठेवत नाही कोणी. फेब्रुवारीत त्यात बाळाचं दूध तापतं, फोडणी होते. मागच्या संक्रांतीनंतर माझ्याकडे एकाच गल्लीतून एकसारखी सात भगुणी आली, सातही दोन स्पॉटची, सातही सुटलेली. स्वस्तात द्यायचं असेल तर वाटी द्या, डबा द्या, चमचे द्या. विस्तवावर जाणारी वस्तू द्यायची तर ती नीटच द्यायला हवी.

ह्या पत्रातलं माझं सगळ्यात मोठं मागणं आता लिहितो. दांडा बदलता आला पाहिजे.

कुकरकडे बघा. कुकरची मूठ तुटली तर आज बेळगावात कुठल्याही भांड्यांच्या गल्लीत दुसरी मिळते, स्क्रू मिळतो, रिंग मिळते, शिट्टी मिळते. त्यामुळे कुकर वीस वीस वर्षं चालतात, आणि सासूचा कुकर सुनेकडे येतो. भगुण्याचं काय? प्रत्येक कारखान्याची पट्टी वेगळी, खाच वेगळी, स्क्रूची जाडी वेगळी. माझ्याकडे तीन मोठे डबे भरून जुने दांडे आहेत, त्यातून जुळेल तो शोधतो. नाही जुळला की कानशीनं खाच मोठी करावी लागते, आणि खाच मोठी केली की पुन्हा तोच धोका. माझ्या सुनेच्या भगुण्याला जुळणारा दांडा मला मिळाला असता तर मी आवळत बसलो नसतो. दुकानात विचारलं होतं मी. "दांडा सुटा येत नाही, नवीन भगुणं घ्या," असं उत्तर मिळालं. बूड धडधाकट, पत्रा जाड, आणि एका काळ्या तुकड्यासाठी भांडं मोडीत काढायचं, हे माझ्या हाताला जमलं नाही. ते चुकलंच माझं. पण सुटा दांडा विकायला ठेवला असता तर ही वेळ आली नसती, हेही तितकंच खरं.

तेव्हा बेळगाव भागातल्या कारखानदारांनी एकत्र बसून पट्टीच्या टोकाची दोन मापं ठरवावीत, एक लहान भांड्यांना, एक मोठ्यांना. स्क्रूचे आटे एकच ठेवावेत. स्क्रूला स्प्रिंग वॉशर द्यावा, म्हणजे तापून-निवून तो लवकर सैल होत नाही. आणि दर शंभर भांड्यांमागे दहा दांडे सुटे बाजारात सोडावेत. भांड्यासोबत एक चिठ्ठी द्या, कन्नड आणि मराठी दोन्हीत: दांडा हलला तर आवळून वापरू नका, बदला. आमच्या भागात दोन्ही भाषा घराघरात आहेत. इंग्रजीतली बारीक अक्षरातली चिठ्ठी आमच्या आयाबहिणी वाचत नाहीत, ती खोक्याबरोबर रद्दीत जाते.

१४ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या उद्योग खात्यानं स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय खूण बंधनकारक करणारा आदेश काढला. स्टीलला आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमला आयएस १६६० ही मानकं आहेत. तुमच्यातल्या काहींना तो आदेश डोक्याला ताप वाटतो, हे मी ऐकलंय. माझं म्हणणं एवढंच की खुणेसाठी तुम्ही मशीन बदलणार, साचे बदलणार, तर त्याच वेळी पट्टीची गोलाई आणि तिसऱ्या रिव्हेटची जागाही साच्यात घालून घ्या. साचा एकदाच बनतो.

माझ्याकडे जे काही आहे ते दाखवायला मी तयार आहे. सुटलेले दांडे, सोललेले स्पॉट, लांबट झालेली भोकं, सगळं एका पोत्यात जपून ठेवलंय. त्यात सुनेच्या भगुण्याचा दांडाही आहे. सोमवार सोडून कधीही वडगावात या, सकाळी नऊनंतर मी दुकानातच असतो. तुमचा फिटर सोबत आणलात तर आणखी चांगलं. त्याच्या हातून एक रिव्हेट मारून घेऊ आणि तिथल्या तिथं कापून बघू.

संक्रांतीच्या वाणाच्या ऑर्डरी तुम्ही दिवाळी झाली की देता. त्याच्या आत आलात तर बरं होईल.

आपला,
भांडी दुरुस्त करणारा एक कारागीर
वडगाव, बेळगाव